शाळा एकदाच बदला, घर दोनदा बदललं तरी चालेल

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या. यजमान सातारा जिल्ह्यातले, नौदलात पेटी ऑफिसर. गेली काही वर्षं कुटुंब विशाखापट्टणमला होतं आणि त्यातला बराच काळ यजमान जहाजावर. आता त्यांची बदली गोव्यातच, वास्कोजवळच्या दाबोळीला, आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर झाली आहे. जूनमध्ये रुजू व्हायचं, आणि तीनेक वर्षं किनाऱ्यावरची नोकरी. वरुणापुरीत, म्हणजे वास्कोतल्या नौदलाच्या वसाहतीत, क्वार्टरसाठी आठ-दहा महिने थांबावं लागेल, असं मित्रांनी सांगितलंय. मुलगा केंद्रीय विद्यालयात आठवीत आहे. मुलगी ऑगस्टमध्ये सहा वर्षांची होईल, तिला बाळदमा आहे. यजमान म्हणतात, 'क्वार्टर मिळेपर्यंत तू मुलांना घेऊन माहेरी राहा, मी मेसमध्ये राहीन, शनिवारी येत जाईन.' भाऊही म्हणतो, भाड्यात पैसे कशाला घालवता? आई गावात एकटीच, तिला सोबत होईल. ताईंचे प्रश्न दोन. मुलांची दोनदा ओढाताण करण्यापेक्षा माहेरी थांबणं शहाणपणाचं नाही का? आणि आजवर हिंदी-इंग्रजीत शिकलेली मुलं वर्षभर मराठी शाळेत गेली, तर काय बिघडलं?

प्रिय ताई,

क्वार्टर मिळेपर्यंतचे दिवस तुम्ही हिशेबातच धरलेले नाहीत. वरुणापुरीची किल्ली हातात पडली की मग संसार सुरू, तोवर कुठंही दिवस काढू, असा सूर पत्रभर आहे. पण आठ-दहा महिने म्हणजे मुलाची अख्खी आठवी. मुलीचं पहिलीच्या आधीचं वर्ष. आणि यजमानांच्या तीन वर्षांतला पाव हिस्सा. इतका काळ तात्पुरता म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आधी ओढाताणीचं बघू. माहेरी राहिलात तर मुलगा जूनमध्ये डिचोलीच्या शाळेत जाईल आणि क्वार्टर मिळालं की फेब्रुवारी-मार्चमध्ये वास्कोच्या शाळेत. वर्षात दोन नव्या शाळा, दुसरी तर ऐन परीक्षेच्या तोंडावर. उलट जूनमध्येच वास्कोत भाड्याचं घर घेतलंत, तर पुढं क्वार्टर मिळाल्यावर घर तेवढं बदलेल. शाळा तीच, बाई त्याच, मित्र तेच. टेम्पोत सामान भरायला एक रविवार जातो. वर्गात मित्र जमायला सहा महिने लागतात, आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी ते दुखणं मुलं बोलूनही दाखवत नाहीत. तेव्हा तुम्ही ज्याला कमी ओढाताणीचा मार्ग समजताय, तोच जास्त ओढाताणीचा आहे.

मुलाची शाळा ठरवणं त्या मानानं सोपं आहे. वास्कोत दोन केंद्रीय विद्यालयं आहेत आणि वरुणापुरीत नेव्ही चिल्ड्रन स्कूल. तो आधीच केव्हीत असल्यामुळे केव्हीचाच दाखला घेऊन बदलीच्या गावच्या केव्हीत त्याला प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच, संस्कृतही तसंच पुढं चालू. विशाखापट्टणम सोडण्यापूर्वी दाखला, गुणपत्रकं आणि यजमानांच्या बदलीच्या आदेशाच्या प्रती हातात घ्या. नंतर पोस्टानं मागवू म्हणून निघालेली कुटुंबं जुलैपर्यंत फोन करत बसतात.

तीन वर्षांचं गणितही एकदा बोटांवर मोजून बघा: आठवी, नववी, दहावी. सीबीएसईमध्ये दहावीच्या बोर्डाची नोंदणी नववीतच होते. आठवीत वास्कोत स्थिरावलेला मुलगा दहावी तिथंच करू शकतो. नौदलातल्या किती मुलांच्या वाट्याला इतकं नेमकं जुळून येतं? ही आयती आलेली संधी आठवी डिचोलीत घालवून अर्धी करू नका.

आता मराठी शाळेबद्दल. तुमची ही ओढ मला मनापासून पटते. पण डिचोलीत आज मराठी शाळा म्हणजे नेमकं काय, ते तुम्ही गाव सोडलं तेव्हाच्या आठवणीवरून ठरवताय असं वाटतं. गोव्यात मराठी माध्यम मुख्यतः पहिली ते चौथीच्या प्राथमिक शाळांत आहे. पाचवीपासून बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाच्या, मराठी तिथं विषय म्हणून. म्हणजे आठवीतला मुलगा गणित-विज्ञान इंग्रजीतच शिकेल, फक्त बोर्ड बदलेल. गोवा बोर्डाच्या वर्गात त्याला इतरांनी सात वर्षं गिरवलेलं मराठी किंवा कोकणी एकदम त्यांच्या बरोबरीनं लिहावं लागेल. भाषेवर प्रेम जडण्याची ही वाट नव्हे. वर्गात सगळ्यांत कमी गुण मिळवून कुणाला भाषा आवडत नाही.

मुलीचं निराळं आहे, तिच्या बाबतीत तुमच्या प्रश्नात खरंच वजन आहे. केंद्रीय विद्यालयाच्या पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात. तिची ऑगस्टमध्ये होतील, म्हणजे तिची केव्हीतली पहिली पुढच्या एप्रिलमध्येच. हे वर्ष तिचं मोकळं आहे. या वर्षात ती आजीजवळ राहून गावच्या शाळेच्या आवारात खेळली, ओव्या आणि बडबडगीतं शिकली, तर तिचं काही बुडत नाही. वर्षभर तिथं ठेवून पुढच्या एप्रिलमध्ये वास्कोला आणणं हा पर्याय चुकीचा नाही. फक्त मग भाऊ एका गावात, बहीण दुसऱ्या, आणि तुम्ही मधल्या मध्ये बसमध्ये. शिवाय तिचा दमा. नौदलाचं जीवंती इस्पितळ वास्कोत आहे. डिचोलीच्या गावात रात्री धाप लागली तर गाडी कोण काढणार? आईच्या वयाच्या बाईवर ही जबाबदारी टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीला तुमच्याजवळच ठेवा. घराजवळची, शिक्षिका मराठी-कोकणी बोलणारी एखादी बालवाडी शोधा, वास्को-चिखली भागात तशा आहेत.

आणि मराठी? तुमचा मुलगा हिंदी आणि संस्कृत वाचतो, म्हणजे देवनागरी त्याला येतेच. मराठी तो घरात बोलतो. वाचायला सुरुवात करायची तेवढीच राहिली आहे. त्यासाठी शाळा बदलायची गरज नाही, रोज सकाळी दारात मराठी वर्तमानपत्र पडलं की पुरे. गोव्यात ते सहज मिळतं, विशाखापट्टणमला नव्हतं. खेळाच्या पानापासून सुरुवात करू द्या, अग्रलेखाचा आग्रह नको. पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते सोळाव्या शतकात मराठीत लिहिणारे कृष्णदास शामा मुरगाव तालुक्यातल्या केळशीचे, म्हणजे तुमच्या होऊ घातलेल्या घराच्या शेजारचेच. तिथला मुलांचा विभाग दोघांनाही दाखवा. श्रावणात वास्कोच्या दामोदर देवस्थानचा भजनी सप्ताह असतो. चोवीस तास अखंड भजन, एक भजनी मंडळ उठलं की दुसरं बसतं, आणि गायले जातात ते बरेचसे मराठी अभंग. जत्रेच्या रात्री गावच्या मांडवात उभं राहणारं मराठी नाटक तर तुम्ही स्वतः लहानपणी पाहिलेलं असणार. आजीच्या गावच्या जत्रेला मुलांना रात्री जागू द्या, दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली तरी. मराठी मुलांच्या कानावर अशी पडते. एका वर्षाच्या दाखल्यानं ती येत नाही आणि तो नसल्यानं जातही नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, त्यावर लिहिते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे. विशाखापट्टणमच्या वर्षांत यजमान बराच काळ समुद्रावर होते, हे तुम्ही एका वाक्यात सांगून पुढं गेलात. म्हणजे मुलगा चौथीतून सातवीत गेला तो बराचसा फोनवरच्या बाबांबरोबर. आता तीन वर्षं ते किनाऱ्यावर आहेत. ड्यूटीच्या रात्री सोडल्या तर संध्याकाळी घरी येणारे बाबा या मुलांना पहिल्यांदाच मिळणार आहेत, आणि पुढच्या बदलीत पुन्हा जहाज आलं तर परत मिळतीलच असं नाही. त्यातलं पाऊण वर्ष ते मेसमध्ये आणि तुम्ही पणजीपलीकडे डिचोलीला? जुवारीवरचा नवा पूल डिसेंबर २०२३ पासून दोन्ही बाजूंनी खुला झाला आणि कुठ्ठाळीचा चक्काजाम कमी झाला, हे खरं. तरी डिचोली ते दाबोळी रोज ये-जा करून सकाळची हजेरी गाठणं माणसाला झेपणारं नाही. शनिवारची ड्यूटी लागली की पंधरा दिवस भेट नाही.

यजमान असं सुचवतात ते प्रेमापोटी, तुमची सोय बघूनच, यात मला शंका नाही. जहाजावरच्या माणसाला घरापासून लांब राहायची सवय होते आणि ती सवय तो त्याग समजून चालवत राहतो. पण तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून हे एकदा बोला. 'पैसे किती वाचतील' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून 'तुम्हाला संध्याकाळी मुलाचं गणित घ्यायला आवडेल का' असं विचारून बघा.

पैशाचंही बोलते, कारण भावाचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारी घर नसेल तर घरभाडे भत्ता मिळतो. गोव्याला वाय वर्गाच्या शहरांचा दर लागू आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून तो मूळ पगाराच्या २० टक्के झाला. क्वार्टर घेतलं की तो बंद. म्हणजे भाडं सगळंच खिशातून जात नाही, भत्ता आणि भाडं यांतला फरक जातो. शिवाय पहिल्या दोन मुलांसाठी प्रत्येकी महिना २,८१२ रुपये ५० पैसे शिक्षण भत्ता आहे, आणि केव्हीत आठवीपर्यंतचा मुख्य खर्च म्हणजे महिना ५०० रुपये विद्यालय विकास निधी. आकडे कागदावर मांडून भावाला दाखवा, रागावून सांगू नका. माहेरी राहून यजमानांचा मेसचा खर्च आणि दर आठवड्याचा प्रवास होणारच आहे, तोही त्याच कागदावर लिहा.

एक गोष्ट मात्र जपून विचारते. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की विशाखापट्टणमला कॉलनीबाहेर भाड्यानं होतो तेव्हा 'जरा मोकळं वाटायचं'. मग वरुणापुरीची इतकी घाई नक्की कुणाला आहे? कॉलनीत सुरक्षितता आहे, मैदान आहे, पाण्याची-दुरुस्तीची चिंता एमईएसवर, म्हणजे सैन्यदलांच्या बांधकाम-दुरुस्ती खात्यावर सोपवता येते, यजमान रात्री ड्यूटीवर असले तर शेजारी हाक मारायला चार घरं असतात. बाळदम्याच्या मुलीसाठी हे फार मोलाचं. पण तिथं दरवाजावरच्या पाटीवर नवऱ्याची रँक असते आणि ती बायकामुलांच्या बोलण्या-बसण्यात उतरते, हेही खरं. काही जणींना ते जड जातं, आणि तसं वाटण्यात गैर काही नाही. तेव्हा क्वार्टरसाठी नाव नक्की नोंदवा, यादीतला क्रमांक यजमानांना कार्यालयातून नीट विचारून घ्यायला सांगा, मुलीच्या दम्याचे कागद जोडून क्रमाबाहेर घर मिळण्यासाठी अर्ज करता येतो का तेही विचारा. पण नंबर लागला त्या दिवशी नव्यानं विचार करा. बाहेर मन रमलं असेल तर तेव्हा काय करायचं ते तेव्हाच्या अनुभवावर ठरू दे. क्वार्टर नाकारल्यानं यादीतल्या क्रमांकावर आणि भत्त्यावर काय परिणाम होतो, एवढं आधी समजून घ्या.

आता घर कुठं आणि कसं बघायचं, ते जरा सविस्तर, कारण इथं घाईनं पाऊल पडलं तर वर्षभर मनस्ताप होतो. मुलीचा दमा लक्षात घेता बंदराजवळचा भाग टाळा. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो, आणि सडा, बायणा, वास्को शहराचा काही भाग इथले लोक घरात येणाऱ्या काळ्या पुडीबद्दल वर्षानुवर्षं ओरडत आले आहेत. घर बघायला जाल तेव्हा दलालाच्या बोलण्यापेक्षा खिडकीच्या गजावर विश्वास ठेवा. आतल्या बाजूनं बोट फिरवा. लाल धूळ असेल तर ती गोव्याची माती, पुसली की गेली. बोट काळं आणि तेलकट झालं तर नमस्कार करून निघा. चिखली आणि दाबोळीची बाजू त्या मानानं बरी, तळही जवळ. मात्र धावपट्टीच्या जवळ लढाऊ विमानांच्या सरावाचा आवाज छाती हादरवतो. मुलं महिन्याभरात सरावतात, पण दुपारी झोपणाऱ्या लहानग्यांचं थोडं अवघड जातं.

तळमजला घेऊ नका. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते, आणि दम्याच्या मुलीला बुरशीसारखा शत्रू नाही. दिवाणाच्या मागची भिंत हातानं चाचपून बघा. नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांवर मारलेला दिसला तर तिथं ओल झाकलेली आहे असं समजा. नळ सकाळी सोडून बघा, टाकी किती लिटरची आणि किती घरांत मिळून ते विचारा. संध्याकाळीही एकदा जाऊन या, रस्त्यावर दिवे आहेत का आणि मुलगा क्लासहून चालत येऊ शकेल का ते तेव्हाच कळतं.

करार अकरा महिन्यांचा होईल. त्यात एक ओळ आग्रहानं घालून घ्या: सरकारी घर मिळाल्यास किंवा बदली झाल्यास महिन्याची सूचना देऊन घर सोडता येईल आणि अनामत पूर्ण परत मिळेल. वास्कोतल्या घरमालकांना नौदलाचे भाडेकरू नवे नाहीत, बहुतेक जण मान्य करतात. जो करत नाही त्याचं घर कितीही हवेशीर असलं तरी सोडून द्या. भाडेकरूची पोलीस पडताळणी आवश्यक आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही स्वतः पाठपुरावा करा, नाहीतर पुढं गॅस जोडणीपासून सगळीकडे पत्त्याच्या पुराव्यासाठी अडता.

शाळेपर्यंतचा रस्ताही घर ठरवायच्या आधी बघा. केव्हीची स्वतःची बस असेलच असं धरू नका, पालक मिळून व्हॅन ठरवतात. व्हॅन कुठल्या कोपऱ्यापर्यंत येते हे शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांना विचारा. अर्ध्या तासात त्या तुम्हाला चांगला बालरोगतज्ज्ञही सांगतील.

मुलीच्या पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी मात्र आत्ताच. केव्हीच्या पहिलीचे अर्ज ऑनलाइन भरतात, साधारण मार्चच्या सुमारास. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना पहिलं प्राधान्य असतं आणि त्यातही गेल्या सात वर्षांतल्या बदल्यांची संख्या बघतात. तुमच्या बदल्या इथं कामी येतात, फक्त त्यांचं प्रमाणपत्र युनिटमधून वेळेवर घ्यायला हवं. जन्मदाखल्यावरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव अक्षरशः सारखं आहे ना, ते आजच तपासा. जाता जाता, तुमचं बीएड झालंय असं पत्रात आहे. केंद्रीय विद्यालयं कंत्राटी शिक्षकांसाठी दरवर्षी थेट मुलाखती घेतात. वास्कोत राहिलात तर हे दार तुमच्यासाठीही उघडतं.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी काही जणी असतील. लष्करात असाल तर बांबोळी कॅम्पला केव्ही आहे, वेरेंच्या आयएनएस मांडवीवर असाल तर तिथंही. तिथल्यांनी वास्कोच्या शाळांकडे बघायचंच कारण नाही. कुणाचं मूल यंदा दहावी किंवा बारावीला असेल, तर मी या ताईंना सांगितलं त्याच्या अगदी उलट सांगेन: हललात तर चुकलात. जुन्या गावचं घर परीक्षेपर्यंत ठेवता येतं का हे आधी विचारा, आणि ते वर्ष दोन घरांत काढा.

राहिल्या तुमच्या आई. त्यांना सोबत हवी हे कारण खरं आहे, पण ते क्वार्टर येईपर्यंतच्या आठ महिन्यांनी सुटत नाही. उलट तुम्ही मार्चमध्ये उठून गेलात की त्यांना घर जास्त रिकामं वाटेल. त्यापेक्षा एक शनिवार-रविवार सोडून दुसऱ्याला सगळ्यांनी डिचोलीला जायचं, यजमानांसकट, असं ठरवून टाका. गणपतीला आठवडाभर. पावसाच्या महिन्यांत त्या गाव सोडून येतील का, हे तुम्ही नका विचारू, नातवाला विचारायला सांगा. आणि भावाशी बोलताना आईचा विषय भाड्याच्या विषयात मिसळू देऊ नका. तिच्याकडे रोज कोण डोकावणार, दवाखान्यात कोण नेणार, हे तुम्हा भावंडांना वेगळं बसून ठरवावंच लागेल, तुम्ही वास्कोत असा नाहीतर विशाखापट्टणमला.

जूनला अजून वेळ आहे. यजमानांना रुजू होण्याआधी दोन दिवस काढून एकट्यांना नव्हे, दोघांना मिळून वास्कोला यायला जमलं तर बघा. आधी दोन्ही केव्हींत जाऊन आठवीत जागेची चौकशी करा, मग त्या शाळेपासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत घर शोधा.